लिव्हरचं ऑपरेशन: रोबोट, लॅप्रो की सरळ ओपन? जाणकारांनी सांगा प्लीज

डिचोलीकरीण · १९ जून, रात्री ११:०८

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय तोही घाईत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे. गेल्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, किमो झाली, पेजेवरून परत निस्त्याकावर (मासळीच्या आमटीवर) आले होते, आणि आता फॉलोअपच्या सीटीत लिव्हरवर दोन गाठी. एक सेगमेंट ६ मध्ये (लिव्हरचे आठ भाग धरतात, त्यातला सहावा) अडीच सेंटीमीटर, दुसरी डावीकडे सेगमेंट ३ मध्ये, काजूच्या बी एवढी (हे माप बाबांचं, रिपोर्टातलं नव्हे). पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही त्यामुळे ऑपरेशन करण्यासारखं आहे असं सगळेच म्हणतायत.

मुंबईला दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी म्हणाले रोबोटिक करूया, पॅकेजच्या वर रोबोटचे पावणेदोन लाख वेगळे, आणि काउंटरवरच्या मुलीने त्या आकड्याभोवती पेनाने असं गोल केलं की जणू मोबाईलवर कव्हर हवंय का विचारतेय. दुसऱ्या ठिकाणचे सर्जन वयस्कर, ते म्हणाले लॅप्रोस्कोपीने (बारक्या भोकांतून दुर्बीण घालून) सुरू करतो, वाटलं तर उघडीन. आत्ते म्हणते दोन्ही नको, पोट उघडून हाताने चाचपून काढलेलं बरं, बारक्या भोकातून कॅन्सर मागे राहतो. आता तिघांत खरं कोणाचं?

बाबा खाणीवर ट्रकांचे मेकॅनिक होते तीसेक वर्षं. ते घाबरले बिबरले नाहीत, त्यांचे फक्त तीन प्रश्न आहेत. "मशीन मदींच बंद पडलें जाल्यार?" हा पहिला. एवढ्याशा भोकातून तुकडा बाहेर कसा काढणार हा दुसरा. आणि चवथीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ते फळापानांचं छत) बांधता येईल का हा तिसरा, आणि माझ्या मते त्यांच्यासाठी हाच खरा.

---

बंड्या_म्हापसा · १९ जून, रात्री ११:३१

रोबोट म्हणजे बिल वाढवायचं यंत्र, एवढं कळलं तरी पुरे. मशीन कोट्यवधीचं घेतलंय तर हप्ते कोण भरणार, आपणच.

---

ओटीतली_ताई · २० जून, सकाळी ६:४०

बंड्या, सकाळी सकाळी तुझंच पहिलं वाचायला मिळालं.

डिचोलीकरीण, मी मुंबईत ११ वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) नर्स होते, आता फोंड्याला असते. लिव्हरच्या तिन्ही पद्धतींच्या केसेसना उभी राहिलेय म्हणून लिहिते. पहिली गोष्ट, रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन दोन-तीन मीटरवर कन्सोलात डोकं घालून बसलेला असतो आणि तो बोटं हलवेल तसे आतले हात हलतात. पेशंटच्या पोटाशी दुसरा सर्जन उभा असतोच, सक्शन त्याच्याकडे, बऱ्याचदा स्टेपलरही त्याच्याकडे.

लॅप्रो आणि रोबोट यात फरक काय तर विहिरीत पडलेली कळशी गळाने काढताना कसं होतं, दोर लांब आणि हात वर, गळ नेमका कानात अडकवायला जीव जातो, लॅप्रोची साधनं तशी सरळसोट असतात. रोबोटच्या साधनाला टोकाशी मनगट आहे, आत वळतं, त्यामुळे टाके घालायला आणि लिव्हरच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात (सेगमेंट ७, ८) पोचायला सोपं जातं. पण बहुतेक मशीनवर हाताला दाब कळत नाही, किती ओढलं ते डोळ्यांनीच ओळखायचं.

लिव्हर कापणं म्हणजे सगळा खेळ रक्ताचा. आत जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्याभोवती टेप टाकायची, १५ मिनिटं आवळायची, ५ मिनिटं सोडायची. प्रिंगल म्हणतात त्याला, ग्लासगोच्या त्या सर्जनने १९०८ साली छापलेलं, आजही रोबोटच्या केसमध्ये तेच करतात. घड्याळ बघून "बारा झाली, चौदा झाली" असं ओरडायचं काम माझं असायचं. मग क्युसा नावाचं यंत्र लिव्हरचा मऊ भाग चुरून ओढून घेतं आणि आतल्या शिरा उभ्या राहतात, बांगड्याचं मांस निघून काटा राहतो ना अगदी तसं, आणि मग एकेक शीर क्लिप लावून कापायची. भूल देणारे डॉक्टर सलाईन हात राखून सोडतात कारण शिरांत दाब कमी तर रक्त कमी. पोटात भरलेल्या गॅसचा दाबही रक्त थोडं रोखून धरतो, हा लॅप्रो आणि रोबोट दोन्हीचा फायदा. उलट बाजू अशी की कापलेल्या शिरेतून गॅस आत जाऊ शकतो म्हणून भूलवाल्यांचे डोळे मॉनिटरवरून हलत नाहीत.

बाबांचा पहिला प्रश्न: मशीन अडलं तर हात सोडवून बाजूला करतात आणि हाताने पुढे करतात. ओपनचा ट्रे त्याच खोलीत तयार असायला हवा, तो आहे का आणि रोबोट बाजूला करायला त्यांच्या टीमला किती मिनिटं लागतात हे बिनधास्त विचारा. दुसरा प्रश्न: तुकडा आतच पिशवीत भरतात आणि खाली सिझेरियनचा काप असतो त्या जागी छेद घेऊन पिशवी ओढून काढतात. तुकडा जेवढा तेवढा छेद. म्हणजे नुसती भोकंच असतात असं नाही हे आधीच सांगून ठेव, नाहीतर नंतर रुसतात पेशंट.

माटोळीचं शेवटी बघू.

---

साखळीकर_काका · २० जून, सकाळी ९:१५

माझं २०१६ ला ओपन झालं. पोटावर उलटा एल आहे, बरगडीखालून आडवा आणि मध्ये उभा. नऊ दिवस हॉस्पिटलात, शिंक आली की उशी पोटाशी धरायची, दोन महिने कुशीवर झोपलो नाही आणि दोन वर्षांनी त्याच जागी हर्निया, त्याचं परत ऑपरेशन. तरी ओपनला नावं ठेवू नका. माझी गाठ मोठ्या शिरेला चिकटून होती, सर्जनने हात घालून काढली, आज मी रोज सकाळी विठ्ठलाच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतो. आत्तेचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही एवढंच.

---

आकडेमोड · २० जून, दुपारी १:५२

मी मूळचा मडगावचा, पुण्याला औषध कंपनीत स्टॅटिस्टिक्सचं काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांचं काय करा ते सांगणार नाही, पण पेपर वाचायची खोड आहे.

तुमच्या केसशी जवळजवळ जुळणारा एक अभ्यास आहे, ओस्लो-कॉमेट. ओस्लो युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये २०१२ ते २०१६ दरम्यान आतड्याचा कॅन्सर लिव्हरवर गेलेले २८० पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून १३३ लॅप्रो, १४७ ओपन. सगळे असे की फक्त गाठ आणि भोवतीची कड काढायची, अर्धं लिव्हर नाही, म्हणजे तुमच्या बाबांसारखेच. पहिल्या महिन्यात कॉम्प्लिकेशन ओपनमध्ये ३१ टक्के आणि लॅप्रोत १९. हॉस्पिटलातला मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर. ऑपरेशनला लागलेला वेळ दोन्हीकडे दोन तासांच्या आसपास. आत्तेच्या भीतीचं उत्तरही तिथेच आहे: पाच वर्षांनी हयात असलेले लॅप्रोत ५४ टक्के, ओपनमध्ये ५५, म्हणजे फरक नाही असंच धरायचं.

हा एकटा अभ्यास असता तर मी गप्प बसलो असतो, पण स्पेनच्या मुर्सियात १९३ पेशंटवर असंच केलं तिथे कॉम्प्लिकेशन २३.७ विरुद्ध ११.५ टक्के, मुक्काम ६ दिवसांऐवजी ४. मग युरोपातल्या १६ सेंटर्सनी मिळून ऑरेंज टू प्लस केला, त्यात अर्धं लिव्हर काढायचे मोठे पेशंट, तो २०२४ मध्ये छापून आला. तिथे फरक बारीक होतो, पेशंट आपल्या पायावर येईपर्यंत ओपनला ५ दिवस आणि लॅप्रोला ४, मोठी कॉम्प्लिकेशन्स जवळपास सारखीच. पण कॅन्सरवाल्यांची पुढची किमो लॅप्रोत साधारण दोन आठवडे आधी सुरू झाली, आणि माझ्या मते एक दिवस लवकर घरी जाण्यापेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची.

आता यातली मेख. ओस्लोचे सर्जन या कामात मुरलेले होते. ते आकडे त्या हातांचे आहेत, लॅप्रोस्कोपी नावाच्या वस्तूचे नाहीत. हेच वाक्य रोबोटलाही लागू.

---

बंड्या_म्हापसा · २० जून, दुपारी २:२०

हे सगळं लॅप्रो विरुद्ध ओपन झालं. पावणेदोन लाख रोबोटचे आहेत. रोबोट विरुद्ध लॅप्रो सांग की राव.

---

आकडेमोड · २० जून, रात्री १०:३७

बंड्या, प्रश्न बरोबर आहे तुझा आणि उत्तर छोटं आहे कारण पुरावाच अजून थोडा आहे.

दा विंची मशीनला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली, लिव्हरवर वापर त्यानंतर लगेचच सुरू झाला, म्हणजे वीस वर्षं होऊन गेली. पण लिव्हरसाठी लॅप्रो विरुद्ध रोबोट असं चिठ्ठ्या टाकून तपासलेले अभ्यास बोटावर मोजण्याइतके. जर्मनीत मानहाइमला एक झाला, नाव पण मजेशीर, रॉक अँड रोल, ८० पेशंट, २०२४ मध्ये छापला. ऑपरेशननंतर ९० दिवसांतलं जगणं कसं आहे, दुखणं, थकवा, कामाला लागणं, हे मोजलं आणि दोन्हीत फरक निघाला नाही. ८० म्हणजे संख्या लहान, त्यामुळे दोन्ही अगदी सारखेच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण मोठा फरक असता तर थोडा तरी दिसला असता.

बाकीचे ढीगभर पेपर म्हणजे जुन्या फाइली काढून केलेली तुलना. त्यात रोबोटच्या बाजूने एक गोष्ट बऱ्याचदा येते ती म्हणजे मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण कमी, विशेषतः अवघड जागांच्या गाठींमध्ये. ताई म्हणतात ते मनगट तिथे कामाला येत असणार. पण फाइलींच्या अभ्यासात लबाडी नसतानाही घोळ होतो, रोबोट असलेली हॉस्पिटलं मोठी, तिथले सर्जन आधीच शेकडो लॅप्रो केलेले, पेशंट पैसेवाला आणि बाकी धडधाकट, मग श्रेय मशीनला द्यायचं की कोणाला? गणिताने जोड्या जुळवून हे निस्तरायचा प्रयत्न करतात, पण जे फाइलीत लिहिलंच नाही त्याची जोडी कशी जुळवणार. आतड्याच्या खालच्या भागाच्या कॅन्सरवर रोलार नावाचा ४७१ पेशंटचा अभ्यास २०१७ मध्ये आला होता, तिथे उघडावं लागण्याचं प्रमाण लॅप्रोत १२.२ आणि रोबोटमध्ये ८.१ टक्के, दिसायला फरक पण योगायोग म्हणून सोडून द्यावा इतकाच.

आणि बारका काप म्हणजे नेहमी चांगलंच या समजुतीसाठी दोन गोष्टी सांगतो, घाबरवायला नव्हे. २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास आला, ६३१ बायका, तिथे लॅप्रो-रोबोटवाल्यांमध्ये साडेचार वर्षांनी कॅन्सरमुक्त ८६ टक्के आणि ओपनमध्ये ९६.५. जगभरातल्या सर्जननी त्या एका ऑपरेशनात परत ओपन धरलं. दुसरं जपानचं. गुन्मा युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात एकाच सर्जनकडच्या लॅप्रो लिव्हर ऑपरेशननंतर ८ पेशंट गेले, २०१४ मध्ये उघडकीला आलं, देशभर गदारोळ. मशीन चांगलं, पद्धत चांगली, पण हात आणि पेशंटची निवड चुकली तर काय होतं ते तिथे दिसलं.

---

ओटीतली_ताई · २१ जून, सकाळी ७:०२

गुन्माचं आमच्या ओटीत पण बोललं गेलं होतं तेव्हा. आमचे सर एवढंच म्हणाले, उघडणं म्हणजे हरणं नव्हे. मी दोनदा पाहिलंय, रक्त लागलं, सर शांतपणे म्हणाले "उघडूया", सात मिनिटांत पोट उघडलं, दोन्ही पेशंट घरी गेले. ज्याला उघडायची लाज वाटते त्याच्याकडे जाऊ नये.

डिचोलीकरीण, दोन्ही सर्जनना हे विचार: लिव्हरची स्वतः किती केलीत (पित्ताशयाची मोजायची नाहीत), त्यातली या पद्धतीने किती, शेवटच्या वर्षात किती, किती जणांचं उघडावं लागलं, पित्त गळणं किती जणांना झालं. आकड्याने उत्तर दिलं तर बरं लक्षण. "काळजी करू नका" एवढंच म्हणाले तर चहा पिऊन परत ये.

---

केपेकर · २१ जून, सकाळी ११:४४

पैशाचं कोणीतरी बोलायला हवं म्हणून. आपल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख, पण यादीतलं ऑपरेशन आणि यादीतलं हॉस्पिटल हवं, आधी मंजुरी घ्या, नंतर धावपळ करून काही होत नाही. खाजगी पॉलिसी असेल तर रोबोटिक सर्जरी विमा कंपन्यांना सरसकट नाकारता येत नाही, आधुनिक उपचारांच्या यादीत नियामकाने घातलीय, पण त्यावर वेगळी मर्यादा घालता येते आणि ती बारीक अक्षरात असते. माझ्या मेव्हण्याला ती डिस्चार्जच्या दिवशी समजली, काउंटरसमोर उभं राहून भावाला फोन.

---

डिचोलीकरीण · २८ जून, रात्री ९:५०

उशीर झाला, सॉरी. परत मुंबईला जाऊन आलो. ताईंचे प्रश्न वहीच्या पानावर उतरवून नेले होते.

पहिल्या ठिकाणी प्रत्यक्ष ऑपरेशन करणारे सर्जन तरुण, बोलायला फार चांगले, खोटं काही बोलले नाहीत. रोबोटवर लिव्हरच्या केसेस अजून कमी झाल्यात, तुमच्या गाठी सोप्या जागी आहेत, लॅप्रोनेही होतील, असं स्वतःच म्हणाले. मग काउंटरवर ते गोल का केलं हे मी विचारलं नाही, पण कळलं.

दुसऱ्यांनी ड्रॉवरमधून डायरी काढली. हाताने लिहिलेली, रेघा मारलेली. लिव्हरची लॅप्रो इतकी, ओपन इतकी, उघडावी लागलेली लाल पेनाने. बाबांनी ती डायरी हातात घेऊन पानं उलटली, अगदी खाणीवर गाडीचं लॉगबुक बघायचे तशी. सर्जन म्हणाले २००८ मध्ये तज्ज्ञ अमेरिकेत लुईव्हिलला जमले होते, तिथे ठरलं की लॅप्रोसाठी सगळ्यात योग्य म्हणजे एकटी गाठ, पाच सेंटीमीटरच्या आत, सेगमेंट २ ते ६ मध्ये, तुमच्या दोन आहेत पण जागा आणि माप त्यात बसतं. सातव्या-आठव्या सेगमेंटमध्ये असती तर मीच तुम्हाला रोबोटवाल्या मित्राकडे धाडलं असतं.

बाबांनी विचारलं, लिव्हर परत वाढतं म्हणतात, मग कापलेल्याचे पैसे परत मिळणार का. ते दोघं हसले, मी नाही हसले, मला तेव्हा रडायला येत होतं.

लॅप्रो ठरलं. १४ जुलै. आत्ते अजून बोलत नाही माझ्याशी.

---

साखळीकर_काका · २८ जून, रात्री १०:२६

आत्तेला माझा नंबर दे. मी बोलतो.

---

डिचोलीकरीण · २३ जुलै, दुपारी ४:१२

झालं ऑपरेशन. डोंबिवलीला चुलत भावाकडे आहोत. पावणेचार तास लागले, गेल्या वर्षीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली होती ती सोडवण्यातच पहिला तास गेला. रक्त द्यावं लागलं नाही. उघडावंही लागलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तिसऱ्या दिवशी पोटात ठेवलेल्या नळीतलं पाणी हिरवट पिवळं दिसायला लागलं, पित्त गळत होतं. मी आकडेमोड यांचे ते १९ टक्के वाचले तेव्हा १९ म्हणजे कमी वाटले होते, त्या रात्री कॉरिडॉरमध्ये बसून कळलं की आपला माणूस त्यात असला की ते शंभरच. डॉक्टर म्हणाले थोडं आहे, आपोआप बंद होईल, नळी राहू दे. पाच दिवस म्हटलेला मुक्काम आठ झाला. काल नळी काढली. नर्स रोज नळीच्या पिशवीवरच्या खुणा मोजायची आणि बाबा तिच्या आधी मोजून कागदावर लिहून ठेवायचे, ८०, ४५, ३०, १०.

बायोप्सी आली. दोन्ही गाठी पूर्ण निघाल्या, कड स्वच्छ, जवळात जवळ ४ मिलिमीटर. १ मिलिमीटरच्या वर हवी असते म्हणे.

पोटावर पाच भोकं आणि खाली तो आडवा काप. ताई, तुम्ही सांगितलेलं मी त्यांना सांगायला विसरले. ड्रेसिंग बदलताना कापाकडे बघून म्हणाले "हें सहावें खंयचें?"

---

ओटीतली_ताई · २३ जुलै, संध्याकाळी ५:३०

बघ, म्हटलं होतं ना. ताप, पोट फुगणं, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर वाट बघत बसू नका. जड उचलणं सहा आठवडे नाही, खालचा काप आहे म्हणून. पाण्याची बादली नाही, नारळ सोलणं नाही, स्कूटर स्टँडवर लावणंही नाही.

माटोळीचं आता सांगते: शिडीवर चढायचं नाही.

---

आकडेमोड · २३ जुलै, रात्री ८:०५

४ मिमी ऐकून बरं वाटलं. पित्ताचं वाचून वाईट वाटलं. ते शंभर टक्केवालं वाक्य आमच्या ऑफिसात भिंतीवर लावायला पाहिजे.

---

डिचोलीकरीण · २ सप्टेंबर, रात्री १०:१९

गणपती विसर्जन झालं, आता वेळ मिळाला. मांडवी एक्स्प्रेसने थिवीला उतरलो तेव्हा बाबा स्वतः चालत रिक्षापर्यंत गेले होते, बॅग माझ्याकडे. पुढची किमो १८ ऑगस्टला सुरू झाली, म्हणजे ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी. भूक कमी आहे, बोटांना मुंग्या येतात. तीन महिन्यांनी सीटी.

माटोळी पुतण्याने बांधली. बाबा खाली खुर्ची टाकून बसले आणि दीड तास सूचना. सुपारीचा घोस तिरका गेला, तो सोडवून परत बांधायला लावला, तिरफळं आंब्याच्या टाळ्यामागे झाकली गेली म्हणून ती पुढे घेतली, निरफणस मध्येच का टांगला म्हणून वाद. आत्ते आली होती. साखळीकर काकांशी तिचं फोनवर काय झालं ते दोघंही सांगत नाहीत, पण नेवऱ्या घेऊन आली.

---

पेडण्याची_पोर · ५ सप्टेंबर, सकाळी ८:३३

सगळा धागा रात्री बसून वाचला. आमच्या मामीला पण असंच आहे, पण एक गाठ सेगमेंट ७ मध्ये, एकदम मागे म्हणे. त्या डायरीवाल्या सर्जनचं नाव मिळेल का? आणि त्यांचे रोबोटवाले मित्र कोण?

---

डिचोलीकरीण · ५ सप्टेंबर, सकाळी ९:०१

व्यनि (खाजगी निरोप) बघ. जाताना सीटीची सीडी पण घेऊन जा, नुसता रिपोर्टचा कागद नको, आम्ही पहिल्या वेळी कागदच नेला आणि त्यांनी हातही लावला नाही.